वाट पाहणाऱ्याचा वाटा

जो घर सोडून जातो त्याचा पुतळा उभा राहतो. जी घर धरून बसते तिचे नाव त्या पुतळ्याखालच्या शिळेवर सहसा नसते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाइन नदी समुद्राला मिळते तेथे, टाइनमाउथ गावी ॲडमिरल कथबर्ट कॉलिंगवूड यांचा भव्य पुतळा आहे. तो १८४५ साली उभारला गेला. ‘रॉयल सॉव्हरिन’ या त्यांच्या युद्धनौकेवरच्या चार तोफाही तेथे मांडलेल्या आहेत. ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सन पडल्यावर ज्याने आरमाराची सूत्रे हाती घेतली, तो हा पुरुष. इतिहासाने त्यांना त्यांचे माप पुरेपूर दिले, यात शंका नाही. आमच्या मनात मात्र तो पुतळा वेगळाच प्रश्न उभा करतो. आयुष्यातील शेवटची सुमारे सात वर्षे या माणसाने आपल्या घराचा उंबरठा पाहिला नाही. त्या सात वर्षांत त्यांची पत्नी सारा हिने जे दिले, ते कोणाच्या खात्यावर मांडायचे?

कर्तव्यासाठी त्याग करणे श्रेष्ठ, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाळेत ते शिकलो, प्रवचनांतून ऐकले, मुलांनाही तेच सांगितले. पण संसारी माणसाचा त्याग त्याच्या एकट्याचा कधीच नसतो. तो जे ओवाळून टाकतो त्यात पत्नीचा वाटा असतो, मुलांचा असतो, म्हाताऱ्या आईबापांचा असतो. मग स्वतःबरोबर दुसऱ्याचाही वाटा देऊन टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि ज्यांना ते सोपे वाटते त्यांनी एकतर घर केलेले नसते किंवा कर्तव्याला कधी तोंड दिलेले नसते. म्हणून हा प्रश्न हवेत न सोडवता, एका खऱ्या दांपत्याच्या पत्रव्यवहाराच्या आधारे आम्ही तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कॉलिंगवूड यांचा जन्म १७४८ साली न्यूकॅसल येथे झाला. बाराव्या-तेराव्या वर्षीच ते समुद्रावर गेले. चाळिशी उलटल्यावर, १६ जून १७९१ रोजी, त्यांनी न्यूकॅसलचे नगराध्यक्षपद भूषविलेल्या जॉन इरॅस्मस ब्लॅकेट यांच्या कन्येशी, सारा हिच्याशी विवाह केला. मॉर्पेथ या लहानशा गावी नदीकाठी त्यांनी बिऱ्हाड थाटले. दोन मुली झाल्या, थोरली सारा आणि धाकटी मेरी पेशन्स. संसार असा नुकता मांडला जात असतानाच १७९३ साली फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि नवरा पुन्हा जहाजावर चढला. १८०२ मध्ये तह झाला तेव्हा वर्षभर तो घरी राहिला. १८०३ मध्ये युद्ध पुन्हा पेटले. तो गेला, तो परतलाच नाही. तेव्हा मुली दहा-अकरा वर्षांच्या होत्या.

त्याआधीचा, १८०१ च्या हिवाळ्यातला एक प्रसंग या संसाराचे सारे रूप सांगून जातो. कॉलिंगवूड तेव्हा दक्षिणेकडील प्लिमथ बंदरात होते. त्यांना भेटण्यासाठी सारा थोरल्या लेकीला घेऊन, थंडीवाऱ्यातून, इंग्लंडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे निघाली. ती पोहोचण्याच्या सुमारासच, सज्ज असलेली सगळी जहाजे घेऊन तत्काळ निघावे, असा हुकूम आला. एका लष्करी खटल्याच्या कामामुळे निघण्यास थोडा उशीर झाला, म्हणून कॉलिंगवूड रात्री आठपर्यंत किनाऱ्यावर थांबले. नेल्सनबरोबर जेवत असता पत्नी आल्याचा निरोप मिळाला आणि ते धावत त्या सरायखान्यात गेले. त्या संध्याकाळी आपल्याला जे सुख लाभले त्याहून मोठे सुख मानवी स्वभावाला पेलणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहिले आहे. पहाटे ते निघून गेले. कित्येक दिवसांचा खडतर प्रवास आणि पदरात पडली ती एक संध्याकाळ. नवऱ्याच्या लेखी ती संध्याकाळ परमसुखाची ठरली. पण त्याच वाटेने, लहान मुलीला घेऊन, परत जायचे होते ते पत्नीला. परतीच्या त्या प्रवासाचे वर्णन नवऱ्याच्या पत्रात नाही; ते असणार तरी कसे?

आता त्या पत्रांकडे वळू. ती वाचताना प्रथम नवल वाटते ते त्यांत युद्ध किती थोडे आहे याचे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रॅफल्गारला २७ इंग्रजी युद्धनौका फ्रान्स व स्पेन यांच्या ३३ नौकांना भिडल्या. एका रांगेच्या अग्रभागी कॉलिंगवूड यांची नौका होती आणि शत्रूची फळी सर्वांत आधी तिनेच फोडली. त्या संग्रामाला वर्षही झाले नव्हते, तेव्हा १६ जून १८०६ रोजी, म्हणजे लग्नाच्या पंधराव्या वाढदिवशी, या सेनानीने भर समुद्रातून पत्नीला पत्र लिहिले. त्यात काय आहे? आपण लावलेली झाडे कशी वाढताहेत? ओकच्या झाडांखाली बसण्याजोगी सावली झाली का? बागेतल्या बांधाची भिंत धड उभी आहे ना? हिवाळ्यात सकाळी सहा वाजता दारावरून एक जुनाट खटारा जात असे, त्याचा खडखडाटसुद्धा आता गोड वाटतो, असेही ते लिहितात. पुन्हा सुखी कसे होता येईल असा विचार मनात आला की तो विचार आपल्याला मॉर्पेथलाच घेऊन जातो, अशी कबुली त्यांनी दिली आहे. मुलींना भूमिती शिकवावी, कारण खरे आणि खऱ्यासारखे दिसणारे यांतला भेद त्या शास्त्राने कळतो, असा त्यांचा आग्रह होता. दोनशे वर्षांपूर्वी मुलींच्या शिक्षणाबद्दल असा विचार करणारे बाप फार नव्हते.

त्यांच्याजवळ बाउन्स नावाचा एक कुत्रा होता. ट्रॅफल्गारनंतर धन्याला ‘बॅरन’ ही सरदारकी मिळाली, तेव्हा या कुत्र्यालाही मोठेपणाची हवा लागली असून तो आता साध्या कुत्र्यांशी बोलायलाही तयार नाही, अशी थट्टा त्यांच्या पत्रात आहे. ज्याला बरोबरीच्या माणसापाशी मन मोकळे करता येत नव्हते, त्याने कुत्र्याच्या निमित्ताने स्वतःच्याच सरदारकीची टर उडवली. पुढे १८०९ मध्ये बाउन्सही समुद्रात पडून बुडाला.

अशा पत्रांतले प्रेम खरे म्हणावे काय? आमचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. प्रेमाची एक खूण म्हणजे बारकाव्यांची आठवण. ज्याचे प्रेम पातळ झाले आहे तो ‘सर्व क्षेम आहे ना’ एवढेच विचारतो. प्रेम करणारा भिंतीबद्दल विचारतो, झाडाबद्दल विचारतो, खटाऱ्याच्या आवाजाबद्दल लिहितो. डोक्यावर एवढे मोठे आरमार असताना एका गावातली एक भिंत मनात जागती ठेवणे, ही भावुकता नव्हे, निष्ठा आहे. जे दूर आहेत त्यांचे प्रेम जवळच्यांपेक्षा कमी असते, असे म्हणण्याचे धाडस ही पत्रे वाचल्यावर कोणी करणार नाही.

पण प्रेम खरे असणे आणि प्रेम पुरेसे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. झाडांना सावली आली का, हा प्रश्न कॅडिझच्या किनाऱ्यावरून निघे आणि वाऱ्याच्या लहरीप्रमाणे कितीतरी आठवड्यांनी मॉर्पेथला पोहोचे. उत्तराला परत तितकाच काळ लागे. तोवर भिंत पडली असली तर ती बांधून घ्यायची कोणी? गवंडी बोलवायचा कोणी, त्याला पैसे द्यायचे कोणी? पत्रातून आठवण पाठविता येते, आधार पाठविता येत नाही. शिवाय दूर गेलेल्या माणसाच्या मनात घर गोठून राहते. तो निघतो तेव्हा मुली बाहुल्यांशी खेळण्याच्या वयाच्या असतात. सतरा-अठरा वर्षांच्या झाल्या तरी त्याच्या पत्रांतून त्या धडे गिरविणाऱ्या लेकीच राहतात. बाप भूमिती शिकवा म्हणून लिहितो, पण मुलीच्या मनात काय चालले आहे हे पाहण्यासाठी तिच्या चेहऱ्यासमोर असावे लागते. तो वाटा एकट्या आईच्या शिरावर पडतो.

आणि आईचे म्हणणे काय होते? येथे या पत्रव्यवहाराचे एक मोठे वैगुण्य समोर येते. १८२८ साली कॉलिंगवूड यांच्या जावयाने सासऱ्यांच्या सरकारी व खासगी पत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि वाचकांनी तो प्रेमाने वाचला. पण तो ग्रंथ त्यांच्या पत्रांचा आहे. साराचा आवाज ऐकू येतो तो त्यांनी विचारलेल्या प्रश्नांतून आणि दिलेल्या उत्तरांतून, भिंतीपलीकडून यावा तसा. नवऱ्याची सही असलेला कागद जपला जातो, कारण तो इतिहास असतो. बायकोच्या कागदाला घरगुती म्हणून बाजूला ठेवले जाते. आमच्या परंपरेलाही ही उणीव अनोळखी नाही. लक्ष्मण भावाच्या सेवेसाठी चौदा वर्षे वनात गेला. त्याच्या बंधुप्रेमाचे पोवाडे युगानुयुगे गायिले गेले. राजवाड्यात मागे राहिलेल्या ऊर्मिलेकडे कवींचे लक्ष गेले नाही, याची खंत रवींद्रनाथ ठाकुरांना एका निबंधातून बोलून दाखवावी लागली, आणि पुढे मैथिलीशरण गुप्तांनी ‘साकेत’मध्ये तिला तिचे स्थान दिले. लक्ष्मणाने रामाला विचारले, सीतेने रामाला विचारले. ऊर्मिलेला कोणी काय विचारले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १८०८ पर्यंत कॉलिंगवूड साठीला टेकले होते. प्रकृती ढासळली होती. महिनोन्‌महिने जहाज नांगर न टाकता समुद्रावर असे. त्यांनी घरी जाण्याची परवानगी मागितली. नौदलखात्याचे तत्कालीन प्रमुख लॉर्ड मलग्रेव्ह यांनी कळविले की, आपली जागा भरून काढणे कठीण आहे. तरी थांबणे शक्य असेल तर थांबावे, असा त्याचा आशय होता. कॉलिंगवूड थांबले. आपले आयुष्य देशाचे आहे, ही त्यांची धारणा होती. भूमध्य समुद्रातील आरमार, सिसिलीच्या दरबाराशी, तुर्कांशी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सत्ताधीशांशी चालणारा पत्रव्यवहार, हे सारे ते एकहाती सांभाळीत होते. ३ मार्च १८१० रोजी, अगदी नाइलाज झाल्यावर, त्यांनी सूत्रे खाली ठेवली. वारा प्रतिकूल असल्याने जहाजाला मिनोर्का बेटावरील माहोन बंदरातून निघायलाच ६ मार्च उजाडला. ७ मार्चला, घराच्या दिशेने एक दिवस प्रवास झाल्यावर, त्यांनी जहाजावरच प्राण सोडला. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये नेल्सनशेजारी त्यांचे दफन झाले. सरदारकी मुलींकडे जावी अशी त्यांची विनंती होती; ती मान्य झाली नव्हती. मुलगा नसल्याने पदवी त्यांच्याबरोबरच संपली. सारा १८१९ पर्यंत जगली.

कॉलिंगवूड यांनी थांबायला नको होते, असे म्हणणे सोपे आहे. पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. नेपोलियनने अर्धा युरोप पादाक्रांत केला होता. आरमार ढिले पडले असते तर मॉर्पेथचे ते घरही सुरक्षित राहिले नसते. जो सर्वांच्या हितासाठी राबतो तो आपल्या घरासाठीही राबत असतो. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रीतीच्या क्रमाचा विचार करताना आप्तस्वकीयांचा हक्क मोठा मानला आहे. आणि त्याच महात्म्याने समाजाचे सामायिक हित एकट्याच्या हितापेक्षा श्रेष्ठ असल्याचेही सांगितले आहे. ही दोन तत्त्वे परस्परांविरुद्ध नाहीत, पण एकाच माणसाच्या आयुष्यात ती समोरासमोर येतात, तेव्हा कोणते पारडे जड मानायचे हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते.

येथे आम्हांस संत मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय आठवतो. आईवडिलांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केले आहे, असे म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांची प्रभू येशूने कडक शब्दांत कानउघाडणी केली. ती कशासाठी? देवाला अर्पण करणे वाईट म्हणून नव्हे. जे आधीच दुसऱ्याचे देणे होते, ते पवित्र नावाखाली आपले म्हणून देऊन टाकले, म्हणून. वेदीवर ठेवलेली वस्तू देणाऱ्याच्या मालकीची असली पाहिजे. हा नियम मंदिराला लागू असेल तर राष्ट्राला, संस्थेला, समाजकार्यालाही तो लागू आहे. ‘देशासाठी’, ‘धर्मासाठी’, ‘समाजासाठी’ हे शब्द उच्चारले की घरच्यांचे देणे आपोआप फिटते, असे समजणे म्हणजे आधुनिक काळातले कुर्बान होय.

म्हणून विवाहित माणसाने घराबाहेरचे मोठे कर्तव्य पत्करताना ज्यांचा वाटा तो खर्च करणार आहे त्यांना विचारले पाहिजे. विचारणे म्हणजे निर्णय झाल्यावर कळविणे नव्हे. नकार मिळू शकतो, हे मान्य करून विचारणे. विवाहाचे वचन हेही वचनच आहे, आणि ते कोणत्याही सरकारी नेमणुकीपेक्षा आधी, देवासमोर दिलेले असते. विचारले गेले आणि तिने होकार दिला, तर त्याग दोघांचा होतो, गौरवही दोघांचा होतो. न विचारता केलेल्या त्यागात एक दाता असतो आणि एकाकडून हिसकावून घेतलेले असते.

यावर कोणी म्हणेल, संकटाच्या क्षणी विचारायला वेळ कोठे असतो? हा आक्षेप बरोबर आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका पाणबुडीच्या हल्ल्याने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतः जहाज सोडले नाही. त्या काही मिनिटांत घरच्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. माणूस आयुष्यभर जे घडत आलेला असतो ते त्या क्षणी प्रकट होते, आणि आपण केवळ मस्तक लववावे. पण क्षणाचे कर्तव्य आणि वर्षानुवर्षांचे कर्तव्य यांत फरक आहे. १८०८ मध्ये निर्णयाला मिनिटे नव्हती, महिने होते. क्षणाच्या कर्तव्याची भाषा वर्षांच्या कर्तव्याला लावली की घरे उद्ध्वस्त होतात.

आमच्या मते या कथेतला मोठा दोष कॉलिंगवूड यांच्याकडे जात नाही. तो जातो त्यांना थांबविणाऱ्या व्यवस्थेकडे. कामसू माणसाचे एक दुर्दैव असते: त्याच्यावाचून अडते, म्हणून त्याला सोडत नाहीत, आणि त्याला सोडत नाहीत, म्हणून दुसरा कोणी तयार होत नाही. ‘तुमच्याशिवाय चालणार नाही’ हे वाक्य कानाला गोड लागते, पण त्यात सांगणाऱ्याचा आळस लपलेला असतो. ज्या संस्थेला एका माणसाचे घर मोडल्याशिवाय चालता येत नाही, त्या संस्थेने आपले काम नीट केलेले नसते. हे सरकारांबद्दल खरे आहे, तसेच शाळा, पतपेढ्या, मंडळे आणि धर्मग्रामातील समित्यांबद्दलही खरे आहे. नेहमी एकाच खांद्यावर ओझे टाकणाऱ्यांनी त्या खांद्यामागे उभे असलेले घर एकदा पाहून यावे.

आणि ज्यांना निवडीचा अधिकारच नव्हता त्यांचे काय? कॉलिंगवूड यांनी निदान समुद्र स्वतः पत्करला होता. त्यांच्या हाताखालच्या अनेक खलाशांना बंदरांतून बळजबरीने पकडून जहाजावर चढविलेले होते. त्यांच्या बायकांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनाही नाही. १७९५ साली ब्रिटिश पार्लमेंटने साध्या खलाशांना व सैनिकांना एका पेनीत पत्र पाठविण्याची सवलत दिली; मात्र पत्रावर जहाजाच्या अधिकाऱ्याची सही लागे. ज्याला लिहिता येत नव्हते त्याला दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे. आपल्या बायकोला काय वाटते ते सांगायचे ते तिऱ्हाइताच्या हातून, वरिष्ठाच्या नजरेखालून. पगाराचा काही भाग परस्पर बायकोला किंवा आईला मिळावा, अशीही तजवीज कायद्याने केली होती. विधवा आणि जखमी यांच्यासाठी लंडनच्या व्यापाऱ्यांनी १८०३ मध्ये निधी उभारला. ट्रॅफल्गारला इंग्रजांकडचेच सुमारे साडेचारशे लोक मेले, फ्रान्स आणि स्पेनचे त्याहून कितीतरी अधिक. तेवढ्या दारांवर काय बातमी गेली असेल, ती कोणत्याही संग्रहात छापलेली नाही. कॉलिंगवूड यांची थोरवी अशी की, चाबकाच्या शिक्षा सर्रास चालत असताना त्यांनी आपल्या जहाजांवर त्या फार कमी केल्या. ज्याला स्वतःचे घर आठवते तो दुसऱ्याच्या पाठीवर सहज फटके मारू शकत नाही.

कॉलिंगवूड यांची आणखी एक आठवण सांगितली जाते. सुट्टीवर असताना ते खिशात ओकच्या बिया भरून फिरायला निघत आणि योग्य जागा दिसली की त्या जमिनीत टाकीत. देशाला पुढेही जहाजांसाठी लाकूड मिळावे, हा हेतू. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या एका जहाजाला सुमारे ६,००० झाडे लागली होती, त्यांतली बहुतेक ओकची. ओकची टंचाई इतकी वाढली की इंग्रजांची नजर आपल्या सागवानाकडे वळली. कॉलिंगवूड वारले त्याच १८१० साली मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील कुशल बांधणीकारांनी ‘मिंडेन’ ही युद्धनौका बांधून पाण्यात सोडली. १८१७ मध्ये मुंबईतच बांधलेले सागवानी ‘ट्रिंकमली’ आज न्यूकॅसलपासून फार दूर नसलेल्या हार्टलपूल बंदरात जतन केलेले आहे. ओकच्या त्या बिया मोठ्या वृक्ष होईपर्यंत काळ बदलला, लोखंडी जहाजे आली. शंभर वर्षांनंतरच्या युद्धाची तरतूद करणारा हा पुरुष, स्वतःच्या बागेतल्या ओकखाली एक संध्याकाळ बसू शकला नाही. जहाजासाठी लावलेली झाडे जहाजाच्या कामी आली नाहीत. सावलीसाठी लावलेल्या झाडांखाली मात्र कोणी ना कोणी बसले असेल.

वाचकांना ही गोष्ट परक्या देशाची, जुन्या काळाची वाटू नये. आपल्या किनारपट्टीवरील कितीतरी घरांतले पुरुष बोटीवर गेले, आखातात गेले. आता मुली परिचारिका म्हणून परदेशी जातात, मुले शिकायला आणि नोकरीला जातात. वाट पाहणारे नेहमी पत्नीच असते असेही आता उरलेले नाही. कोठे नवरा मुलांना सांभाळतो, कोठे म्हातारे आईवडील दाराशी बसून असतात. पत्राची जागा फोनने घेतली. चेहराही दिसू लागला. त्यामुळे अंतर कमी झाले, हे खरे. पण पडलेली भिंत फोनवरून बांधता येत नाही, तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर पडद्यातून हात ठेवता येत नाही. उलट रोज बोलणे होते म्हणून सर्व ठीक आहे, असा एक नवा भ्रम त्यातून निर्माण होऊ शकतो.

अशा घरांनी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. जाणाऱ्याने मागे राहणाऱ्याला मनापासून विचारले होते काय? परतीची काही मर्यादा ठरली आहे काय, की ‘अजून दोन वर्षे’ हा शब्द दर दोन वर्षांनी नव्याने उच्चारला जातो आहे? आणि मागे राहणाऱ्याच्या कामाला आपण काम म्हणतो काय? कारण आपली भाषाच येथे अन्याय करते. तो ‘राबतो’ आणि ती ‘वाट पाहते’, असे आपण म्हणतो. वास्तविक ती मुलांना वाढवते, कर्जाचे हप्ते फेडते, शेताची मशागत करवून घेते, सासूचे आजारपण काढते, सरकारी कचेरीत खेटे घालते. साराने दोन मुली एकटीने वाढविल्या आणि नवऱ्याची पदवी, प्रतिष्ठा व पैशाची ओढाताण सांभाळीत घर उभे ठेवले. याला वाट पाहणे म्हणत नाहीत.

चौथी गोष्ट आपणा सर्वांना, शेजाऱ्यांना, आप्तांना आणि धर्मग्रामाला विचारायची आहे. दूर गेलेल्याने पाठविलेल्या पैशातून बांधलेल्या घराचे आपण कौतुक करतो. मंदिराला दिलेल्या देणगीबद्दल त्याचे नाव वाचून दाखवतो. त्या घरातल्या बाईला रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचे झाले, तर सोबतीला कोण जातो? जेथे समाज त्यागाची फळे चाखतो तेथे त्यागाचा भार उचलण्याचे बंधनही समाजावर येते. ते टाळून केवळ गौरव करणे म्हणजे स्वस्तात उतराई होणे होय.

कॉलिंगवूड दोषी होते काय, असा निवाडा देण्याचा आमचा हेतू नाही. ज्याने इतक्या ओढीने घराची वाट पाहिली आणि त्या वाटेवर एकच दिवस चालून जो गेला, त्याला दोष कोण देईल? पण त्यांना थोर म्हणताना आपण मनात एक दुरुस्ती करून घ्यावी. ट्रॅफल्गारनंतरच्या त्या वर्षांत आरमार त्यांनी सांभाळले, आणि आरमार सांभाळता यावे म्हणून मागचे सारे साराने सांभाळले. मॉर्पेथचे ते घर पुढे कॅथोलिक धर्मग्रामाच्या ताब्यात आले आणि शेजारच्या संत रॉबर्ट मंदिराच्या धर्मगुरूंचे निवासस्थान झाले. म्हणजे ते घर टिकले. घरे आपोआप टिकत नाहीत. भिंत धड उभी आहे ना, असे कोणी दुरून मायेने विचारतो. ती उभी आहे, असे उत्तर लिहिता यावे म्हणून जवळ कोणीतरी रोज तिची डागडुजी करीत असते. जे आपण कर्तव्याच्या नावे जमा करतो, त्यातला अर्धा वाटा तिचा आहे, हे मान्य करणे एवढेच आपल्या हाती आहे. आणि ते ती जिवंत असतानाच केले पाहिजे.